लोह

बरक्याच्या प्लँटवर मी समुद्र गाळतो.
बारा तासांची पाळी. पंपांची घरघर,
पडद्यातून दाबून दाबून
मीठ मागे, पाणी पुढे.
पुढे येतं ते इतकं निर्मळ
की नळाचं लोखंडही खातं.
उपाशी पाणी, म्हणतो आमचा फोरमन,
म्हणून सोडण्याआधी त्यात
थोडा चुना कालवायचा.

खोलीवर दोन फुटी काचेची टाकी.
नौफल हसतो: दिवसभर पाणीच बघतोस,
रात्री आणखी कशाला?
मासे सहाच, तेही नावाला.
मी झाडं पाळतो.

खिडकीला चंदेरी कागद चिकटवलाय.
बाहेर सत्तेचाळीस अंशांचं ऊन, फुकट,
आणि आत मी विजेचं ऊन
मोजून वाढतो,
तीनला लागतं, दहाला विझतं.
ईदलासुद्धा.

रूवीच्या मोतालिबकडून
दोन रियालला एक जुडी आणली होती.
चिठ्ठीवर परदेशी नाव, रोटाला.
वैजूला फोनवर दाखवली तर
ती पदर तोंडाला लावून हसत सुटली:
अहो, ह्यां तर खालच्या कुणग्यातलां तण!
दोन रियाल म्हणजे किती, ते मी
तिला सांगितलं नाही.

मग मोठा दिवा घेतला. तीस रियाल.
मोतालिब म्हणाला, भाईसाब, सांभाळून.
उजेड वाढवलात तर जेवणही वाढवा.
दिवा झाडाला नुसता पळवतो,
पोटाला देत नाही.
मी मान हलवली. किंमत कमी करून घेण्यात
माझं लक्ष होतं.

आठवडाभर झाडं धावली.
मग जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं,
काचेवर शेवाळाची पुटकुळी,
आणि शेंड्याची नवी पानं पिवळी,
शिरा तेवढ्या हिरव्या.
भोकं म्हणजे पालाश कमी.
पिवळा शेंडा म्हणजे लोह.
नत्र, स्फुरद, पालाश:
सोसायटीच्या पोत्यांवर वाचलेले शब्द
इथे सिरिंजमध्ये भरून
मिलीलिटरने देऊ लागलो.
आता मला पान वाचता येतं.
नौफल त्याच्या मित्रांना सांगतो, हा डॉक्टर आहे.

त्याच महिन्यात धाकटीचा फोन:
बाबा, आई स्लॅबवर पाणी मारताना
चक्कर येऊन बसली.
रक्त तपासलं. सात पॉइंट दोन.

सात पॉइंट दोन.
मला आकडे कळतात, पोटापाण्याचा धंदाच तो.
रोज रात्री पाऊण तास
मी तिचा चेहरा बघत होतो
आणि ओठांचा तो फिका रंग
तिकडच्या ट्यूबचा समजत होतो.

आधी घर. मग वरचा मजला.
मग बोअर, काजूची कलमं,
बँकेच्या फेऱ्या, गवंड्यांचा चहा.
एकेक सांगत गेलो, ती एकेक करत गेली,
आणि मी प्लँटवर सांगत होतो,
आमची वैजू म्हणजे नुसती विजेसारखी.

आता तीनला टाकीचा दिवा लागतो.
तिकडे साडेचार.
पाळी नसेल तेव्हा मी त्याच ठोक्याला फोन लावतो.
एका हातात सिरिंज, दोन मिली, तपकिरी.
गोळी घेतलीस?
घेतली की.
कशाबरोबर?
चहाबरोबर.
मी ओरडतो, चहाबरोबर नाही गं,
वाया जाते, लिंबाच्या पाण्याबरोबर घे!
ती म्हणते, झाडांवर शिकून आमच्यावर डॉक्टरकी.
आणि विषय बदलते: गवंडी आला नाही,
सिमेंट भिजलं.

पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही.
हेही मोतालिबनेच सांगितलं.
ते कापायचं, आणि पुढच्या पानाकडे बघायचं.
मी कापलेलं नाही. तसंच ठेवलंय,
दिव्याच्या अगदी खाली.

रविवारी पुन्हा तपासणी आहे.
आज मी दिवा एक तास कमी केला,
आणि वैजूला म्हटलं,
वरचा मजला राहू दे.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग भांडं ठेवल्याचा आवाज आला,
आणि ती म्हणाली,
सळया आणल्यात, त्यांचं काय करू?
गंज चढेल.